वेणीचे बंध

ठाणे शहरात, येऊरच्या डोंगराच्या बाजूस, पोखरण मार्गावर वर्तकनगर नावाची वसाहत आहे. गृहनिर्माण मंडळाच्या जुन्या इमारती, त्यांच्या जागी उभे राहत असलेले उंच मनोरे आणि जवळचे उपवन तळे यांमुळे ती ठाणेकरांच्या चांगल्या परिचयाची आहे. या वसाहतीच्या शेजारी अनेक वर्षे लोकरीच्या कापडाची एक मोठी गिरणी चालत असे. ‘रेमंड वूलन मिल’ ही कंपनी १९२५ साली स्थापन झाली, १९४४ मध्ये ती कैलाशपत सिंघानिया यांच्याकडे आली आणि पुढे तिच्या कापडाने देशभर नाव मिळविले. २००९ साली ठाण्यातील हा कारखाना बंद झाला. तोपर्यंत मेंढीच्या अंगावरचा केस येथे सूत होई आणि ते सूत कापड होऊन बाहेर पडे.

ठाण्याचे आणि वस्त्राचे नाते याहूनही पुष्कळ जुने आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो या इटालियन प्रवाशाने ठाण्याच्या राज्याचे वर्णन केले आहे. तेथून परदेशी जाणाऱ्या मालात त्याने कातड्याबरोबर कापसाचा आणि कापडाचा उल्लेख केला आहे. आजही कशेळीची खाडी ओलांडली की भिवंडीच्या यंत्रमागांचा खडखडाट कानी पडू लागतो. जेथे इतके सूत आणि इतके कापड हाताळले जाते, तेथे उरलेल्या तुकड्यांना काय तोटा? कोणत्याही शिंप्याच्या दुकानात यंत्राखाली पाहावे. पोलक्याच्या बाहीचे, परकराच्या घेराचे आणि सदऱ्याच्या गळ्याचे रंगीबेरंगी तुकडे तेथे साचलेले असतात. विणकामाच्या पिशवीत तळाशी लोकरीचे उरलेले गुंडे असतात. इतक्या थोड्या लोकरीत मोजासुद्धा होत नाही, आणि ती टाकून द्यावी असेही कोणास वाटत नाही.

या तुकड्यांपासून केस बांधण्याच्या साध्या वस्तू घरच्या घरी करता येतात. त्या दिसावयास सुंदर असतात, हा त्यांचा एक गुण झाला. पण त्या केसांना जपतात, हा त्यांचा मोठा गुण आहे. तो नीट समजण्यासाठी प्रथम केसाची ओळख करून घेतली पाहिजे.

केस त्वचेच्या आत, मुळाशी वाढतो. त्वचेबाहेर आलेला केस निर्जीव असतो. म्हणूनच तो कापताना दुखत नाही. डोक्यावरचा केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे ज्या मुलीची वेणी साठ सेंटिमीटर लांब आहे, तिच्या वेणीच्या टोकाशी असलेला केस सुमारे पाच वर्षांपूर्वी डोक्याबाहेर आलेला असतो. अकरा वर्षांच्या मुलीच्या वेणीचे टोक ती सहा वर्षांची असतानाचे आहे! पाच वर्षांचे ऊन, वारा, तेल, साबण आणि फणी त्या टोकाने सोसलेली असते. बोटाला झालेली जखम भरून येते, कारण बोट सजीव आहे. केसाला पडलेली चीर मात्र कधीच भरून येत नाही. केस चिरला की तो चिरलेलाच राहतो आणि अखेर तेथेच तुटतो.

केसाच्या पृष्ठभागावर अतिशय सूक्ष्म खवले असतात. घराच्या छपरावर कौले जशी एकावर एक चढवून लावलेली असतात, तसे हे खवले मुळाकडून टोकाकडे एकमेकांवर चढलेले असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यांचा अनुभव घेता येतो. फणीत अडकलेला एक लांब केस घ्यावा आणि तो अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये धरून, दोन्ही बोटे केसाच्या लांबीच्या दिशेने मागेपुढे चोळावीत. केस एकाच दिशेने सरकत जाईल, आणि ती दिशा नेहमी त्याच्या मुळाची असेल. खवल्यांमुळे त्याला उलट दिशेने सहज जाता येत नाही. हे खवले उचकटले की केस खरखरीत होतो, एकमेकांत गुंततो आणि तुटू लागतो.

आता बारीक रबराचा विचार करू. पाकिटे आणि कागद एकत्र बांधण्यासाठी लंडनच्या स्टीफन पेरी यांनी १८४५ साली रबरी पट्टीचे पेटंट घेतले. कागदाचे काम ती उत्तम करते. तीच पट्टी केसांना लावली म्हणजे दोन संकटे येतात. पहिले असे, की उघडे रबर केसाला चिकटून धरते. ते ओढून काढताना खवले उचकटतात आणि काही केस रबराबरोबरच निघून येतात. उन्हाळ्यात जुने रबर चिकट झाले असेल, तर विचारावयासच नको. दुसरे संकट दाबाचे. दप्तराचा पट्टा रुंद असला तर तो खांद्याला बोचत नाही; त्याच दप्तराला सुतळी लावून ते खांद्यावर अडकविले, तर सुतळी मांसात रुतते. ओझे तेच असते, पण ते थोड्या जागेवर पडल्यामुळे दाब वाढतो. दोन मिलिमीटरची रबरी पट्टी केसांवर सुतळीसारखी रुतते. रोज त्याच जागी ती रुतत राहिली, तर केस त्या जागी तुटतात. रोज केस फार ताणून बांधले तर कपाळाजवळील आणि कानांवरील केसांची मुळेही दुखावतात, आणि पुढे त्या जागी केस विरळ होतात.

केस पक्के तर राहिले पाहिजेत, पण आवळले जाता कामा नयेत. हे कोडे आपल्याकडच्या स्त्रियांनी फार पूर्वी सोडविले होते. त्यांच्याजवळ आगवळ होती.

आगवळ म्हणजे केस बांधण्याची दोरी. ती सुताची, लोकरीची किंवा रेशमाची असे. रंग बहुधा काळा, म्हणजे तेलाने मळली तरी दिसू नये आणि केसांत मिसळून जावी. मानेजवळ केसांना आगवळीचे वेढे देत, मग तिची टोके पेडांबरोबर गुंफीत आणि वेणीच्या शेवटी पुन्हा बांधीत. आज हा शब्द थोड्या घरांतच ऐकू येतो. शब्द गेला तरी एक वेळ चालेल. पण त्या वेढ्यांत जी युक्ती होती ती मात्र जाऊ देण्यासारखी नाही. ठाण्याच्या खाडीकिनारी कोळी आपली होडी खुंटाला बांधतो ते पाहावे. तो दोर खुंटाला एकदाच गुंडाळून जोराने ओढीत बसत नाही. तो दोन-तीन वेढे देतो आणि मग दोराचे टोक एका हाताने सहज धरतो. भरतीच्या पाण्यात होडी कितीही ओढली गेली, तरी दोर सुटत नाही. प्रत्येक वेढ्यागणिक दोर आणि खुंट यांतील घर्षण अनेक पटींनी वाढते. आगवळीचेही तसेच आहे. मऊ दोरीचे चार सैलसर वेढे, करकचून बांधलेल्या एका वेढ्यापेक्षा केस अधिक चांगले धरून ठेवतात, आणि त्यांचा दाब चार ठिकाणी वाटला जातो.

आगवळ घरी वळता येते. उरलेल्या लोकरीचे प्रत्येकी दोन मीटर लांबीचे सहा धागे घ्यावेत. ते एकत्र करून दोन्ही टोकांना गाठ मारावी. एक टोक खिडकीच्या गजाला बांधावे, दुसऱ्या टोकाच्या गाठीत पेन्सिल अडकवावी आणि धागे ताणून धरून पेन्सिल एकाच दिशेने फिरवीत राहावे. धाग्यांना पीळ बसू लागतो. थोडे सैल सोडताच जागोजागी वळ्या पडू लागल्या, म्हणजे पीळ पुरेसा झाला असे समजावे. आता सोबत्याने दोरीचा मध्य पकडावा, आणि पेन्सिलीचे टोक गजाच्या टोकाजवळ नेऊन दोन्ही टोके जुळवावीत. मग मध्य हळूहळू सोडावा. दोरीचे दोन्ही भाग आपोआप एकमेकांभोवती गुंडाळले जातात आणि एक सुबक, गोल दोरी तयार होते.

हे आपोआप कसे घडते? पीळ दिलेला धागा सारखा उलगडू पाहत असतो. दोन्ही भाग एकाच दिशेने पिळलेले असल्यामुळे दोघेही एकाच दिशेने उलगडू लागतात, आणि त्या धडपडीत एकमेकांवर उलट दिशेने पिळले जातात. एकाचा उलगडण्याचा जोर दुसऱ्याला घट्ट करतो. म्हणून ही दोरी गाठीवाचूनही टिकते. कोकणात नारळाच्या काथ्याचे सुंभ वळतात ते याच तत्त्वावर, आणि जहाजाचे जाड दोरखंडही याच तत्त्वावर वळले जातात. तयार दोरीची लांबी एक मीटरपेक्षा थोडी कमी भरते, कारण पिळात काही लांबी खर्च होते. मध्यम लांबीच्या वेणीला एवढी दोरी पुरते.

दोरीच्या टोकांना गोंडे लावण्याची चाल भारतात सर्वत्र आहे. पंजाबात वेणीत गुंफतात तो परांदा म्हणजे गोंड्यांची दोरीच होय. तमिळनाडूत भरतनाट्यम् करणाऱ्या नर्तकीच्या वेणीच्या टोकाला तीन गोंडे असतात, त्यास कुंजलम म्हणतात. महाराष्ट्रात वेणी लांब व भरदार दिसावी म्हणून गंगावन घालीत. ते पूर्वी चवरी गाईच्या शेपटीच्या केसांचे असे, पुढे काळ्या दोऱ्याचे होऊ लागले. दागिन्यांना रेशमाचे गोफ आणि गोंडे लावून देणे हा तर पटवेकऱ्यांचा पिढीजात धंदाच होता. पण गोंडा ही निव्वळ शोभेची वस्तू आहे असे मानणे बरोबर नाही. गोंड्याच्या वजनाने वेणी सरळ लोंबते आणि तिचे टोक उलगडत नाही. ओळंब्याच्या दोरीला जे काम वजन करते, तेच काम वेणीला गोंडा करतो.

लोंबता गोंडा करण्यास पुठ्ठ्याचा एक तुकडा पुरतो. सहा सेंटिमीटर रुंदीच्या पुठ्ठ्यावर लोकर चाळीस वेळा गुंडाळावी. वरच्या कडेने सुईने एक धागा ओवून सर्व वेढे एकत्र घट्ट बांधावेत. याच धाग्याने पुढे गोंडा दोरीला जोडावयाचा असतो. खालच्या कडेने वेढे कात्रीने कापावेत. बांधलेल्या टोकापासून एक सेंटिमीटर खाली दुसरा धागा सहा-सात वेळा गुंडाळून गाठ मारली, की गोंड्याची मान तयार होते. खालची टोके कात्रीने सारखी केली म्हणजे काम संपले.

गोल गोंडा याहून सोपा, पण त्यास लोकर अधिक लागते. डाव्या हाताची चार बोटे जुळवून त्यांवर लोकर शंभर वेळा गुंडाळावी. फार आवळून गुंडाळू नये, नाहीतर बोटे बधिर होतात. वेढे अलगद बोटांवरून काढून मधोमध पक्क्या दोऱ्याने बांधावेत आणि दोन्ही बाजूंचे फासे कापावेत. या वेळी तो विस्कटलेल्या पाखरासारखा दिसतो, आणि पुष्कळ मुले येथेच निराश होतात. वास्तविक गोल गोंड्याचे सौंदर्य पुढच्या दहा मिनिटांत आहे. तो हातात फिरवीत, लांब निघालेली टोके थोडी थोडी कापीत गेले, म्हणजे तो चेंडूसारखा गोल आणि दाट होतो. मधली गाठ सैल राहिली असेल तर मात्र त्याचे धागे रोज गळत राहतील. म्हणून गाठ मारताना सोबत्याने पहिल्या गाठीवर बोट ठेवावे आणि मग दुसरी गाठ मारावी.

आता कापडाच्या बंधाकडे वळू. कापडाच्या चुण्यांचे जे गोल बंध बाजारात ‘स्क्रंची’ या नावाने मिळतात, त्यांची कथा केसांच्या काळजीतूनच सुरू झाली आहे. अमेरिकेतील रॉमी रेव्हसन या गायिकेला आपल्या केसांना इजा न करणारा बंध हवा होता. तिने कापडाच्या नळीत इलॅस्टिक घालून असा बंध तयार केला आणि १९८७ साली तिला त्याचे पेटंट मिळाले. आपल्या लाडक्या कुत्र्याच्या नावावरून तिने त्या वस्तूस ‘स्कुन्सी’ म्हटले होते. जगभर ती वस्तू लाखो मुलींच्या केसांत गेली, पण तिचे तत्त्व साधे आहे. ओढण्याचे काम आतले इलॅस्टिक करते आणि केसांना स्पर्श मात्र बाहेरच्या मऊ, रुंद कापडाचा होतो.

त्यासाठी पन्नास सेंटिमीटर लांब आणि नऊ सेंटिमीटर रुंद अशी कापडाची एक पट्टी आणि अठरा सेंटिमीटर लांबीचे बारीक इलॅस्टिक लागते. इतका लांब तुकडा न मिळाल्यास दोन तुकडे जोडून घ्यावेत; निरनिराळ्या रंगांचे तुकडे जोडलेला बंध गोधडीसारखा मौजेचा दिसतो. पट्टीची सुलट बाजू आत ठेवून ती लांबीत दुमडावी आणि उघड्या कडेपासून एक सेंटिमीटर आत बारीक टीप घालावी. धावदोऱ्याने शिवले तरी चालते, पण टाके दूर दूर पडले तर इलॅस्टिक ताणताच शिवण उसवते. मग नळीच्या एका टोकास सेफ्टीपिन अडकवून ती आतून सरकवीत नेली, की नळी सुलट होते. त्याच सेफ्टीपिनीने इलॅस्टिक ओवावे. ओवताना इलॅस्टिकचे दुसरे टोक नळीच्या तोंडाशी टाचणीने अडकवून ठेवावे, नाहीतर तेही आत नाहीसे होते आणि सर्व श्रम पुन्हा करावे लागतात.

इलॅस्टिकची टोके जोडताना गाठ मारण्याचा मोह होतो. तो टाळावा. गाठ हा एक कठीण खडा असतो, आणि नेमका तोच केसांना रुततो. टोके एकमेकांवर एक सेंटिमीटर चढवून त्यांवर उभेआडवे टाके घालावेत. पुष्कळ विकतच्या बंधांत हाच सांधा धातूच्या बारीक पट्टीने जोडलेला असतो, आणि तिच्या कडेत केस सापडतात. येथे घरी केलेला बंध विकतच्यापेक्षा सरस ठरतो. शेवटी नळीचे एक टोक दुसऱ्यात सरकवून, वरची कड आत दुमडून हातशिलाई करावी. पन्नास सेंटिमीटर कापड अठरा सेंटिमीटर इलॅस्टिकवर गोळा झाल्यामुळे सुंदर चुण्या पडतात.

कापड कोणते घ्यावे, याचाही विचार हवा. जुन्या सुती लुगड्याचे किंवा धोतराचे कापड धुऊन धुऊन मऊ झालेले असते. त्यासारखे दुसरे नाही. कर्नाटकातील गुळेदगुड्ड येथे विणले जाणारे खण महाराष्ट्रात फार पूर्वीपासून चोळीसाठी वापरतात. त्याच्या तुकड्याचा बंध फारच शोभिवंत दिसतो. मात्र जरीचा भाग बाहेर येऊ देऊ नये, कारण जर केसांना खरवडते. ज्यांच्याजवळ इलॅस्टिक नाही त्यांनीही खट्टू होऊ नये. विणलेल्या कापडात उभे आणि आडवे धागे असतात, आणि धाग्यांच्या दिशेने कापड फारसे ताणले जात नाही. तेच कापड कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे, तिरपे ओढले तर ते सहज ताणले जाते. हातरुमालावर हे लगेच पाहता येईल. अशी तिरपी कापलेली पट्टी, जिला शिवणकामात उरेब पट्टी म्हणतात, केसांभोवती दोनदा गुंडाळून बांधली तर ती अंगच्या लवचिकपणाने केस धरून ठेवते.

रिबिनीचे काय? दोन वेण्या घालून त्या वर बांधण्याची पद्धत अनेक शाळांत आहे, आणि दुपारच्या सुट्टीपर्यंत रिबिनीचे फूल सुटून वेणी खाली येते, ही नेहमीची तक्रार. दोष बहुधा रिबिनीचा नसून गाठीचा असतो. फूल बांधताना दोन वेळा आढी पडते. पहिल्या वेळी उजवे टोक डाव्यावरून नेले असेल, तर दुसऱ्या वेळी डावे उजव्यावरून गेले पाहिजे. तसे झाले तर स्काउटमध्ये जिला रीफ गाठ म्हणतात तिचेच फूल होते आणि ते टिकते. दोन्ही वेळा एकच टोक वरून नेले तर गाठ सरकू लागते. ओळखण्याची खूण सोपी आहे. बरोबर बांधलेल्या फुलाच्या पाकळ्या वेणीला आडव्या राहतात. चुकीच्या फुलाच्या पाकळ्या वेणीच्या बाजूने उभ्या वळतात.

दुकानात ‘लोकर’ म्हणून मिळणारा प्रत्येक गुंडा मेंढीचा असतो असे नाही. त्यांतील पुष्कळसा धागा ॲक्रिलिकचा, म्हणजे रसायनांपासून बनविलेला असतो. दोहोंतील भेद जाळून कळतो. ही परीक्षा घरातील मोठ्या माणसाने, स्टीलच्या ताटलीवर, चिमट्यात बोटभर धागा धरून करावी. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची मऊ राख होते. खरी लोकर जळताना जळक्या केसांचा वास येतो आणि मागे चुरगळणारा काळा अवशेष राहतो. वास केसांचा येतो, कारण लोकर हा केसच आहे. माणसाचा केस आणि मेंढीची लोकर दोन्ही केराटिन नावाच्या एकाच प्रकारच्या पदार्थाची बनलेली असतात. ॲक्रिलिक मात्र वितळते आणि थंड झाल्यावर त्याचा कठीण मणी होतो. गोंड्यासाठी ॲक्रिलिक चालते. ते स्वस्त, रंगीत आणि धुण्यास सोपे असते. खऱ्या लोकरीचा गोंडा गरम पाण्यात चोळून धुतला, तर खवल्यांत खवले अडकून त्याचा नमदा होतो. तो थंड पाण्यात, न चोळता धुवावा.

आपला बंध आठवड्यातून एकदा तरी धुवावा आणि दुसऱ्याचा वापरू नये, कारण उवा आणि त्यांची अंडी यांना एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर जाण्यास तेवढे साधन पुरते. ओले केस बांधू नयेत. ओला केस कोरड्यापेक्षा अधिक ताणला जातो आणि लवकर तुटतो.

आणखी एक गोष्ट सौंदर्याहून आणि केसांहूनही महत्त्वाची आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत स्त्रिया मोठ्या संख्येने कारखान्यांत कामास जाऊ लागल्या. त्या वेळी वेरोनिका लेक या चित्रपटातील नटीचे एका डोळ्यावर येणारे मोकळे केस फार लोकप्रिय होते आणि तरुणी तिचे अनुकरण करीत. असे केस यंत्रात अडकण्याचा धोका असल्याने, १९४३ च्या सुमारास त्या नटीने स्वतः आपली केशरचना बदलून केस मागे बांधले आणि इतरांपुढे उदाहरण ठेवले. फिरणारे यंत्र केसाचे टोक पकडते, तेव्हा हात पुढे करण्याइतकाही अवधी मिळत नाही. पिठाच्या गिरणीचा पट्टा, उसाच्या रसाचे चरक, जत्रेतील फिरते पाळणे आणि लहान मोटारगाड्या यांच्याजवळ लांब गोंड्याची वेणी पाठीवर मोकळी सोडू नये. ती वर गुंडाळून अंबाड्यासारखी बांधावी. शाळेच्या प्रयोगशाळेत स्पिरिटचा दिवा पेटविण्यापूर्वी लोंबता गोंडा काढून दप्तरात ठेवावा आणि वेणी सदऱ्याच्या आत सोडावी, मग काडी ओढावी.